मला तहान लागत नाही

हाटकेश, मीरा रोड

माय,

तुला आणि दादाला पंचशीलाचा जयभीम. हे पत्र कांतावहिनीकडूनच वाचून घे, दादाकडून नको.

आम्ही बरे आहोत. ह्यांना रोज काम आहे. मलाही स्टीलच्या कारखान्यात वाट्या पुसायचं काम मिळालंय. पत्र्याच्या शेडखाली घामाच्या धारा लागतात, पण सोबतच्या बाया चांगल्या आहेत.

फक्त पायांत गोळे येतात. पोटरी दगडासारखी होते आणि मी झोपेतून ओरडत उठते. हे बिचारे तेल चोळत बसतात. काळजी करू नको, डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "पसीने में नमक निकल जाता है. नींबू-नमक-शक्कर का पानी पियो, केला खाओ, दिनभर पानी पीते रहो." केळी खाते. लिंबूपाण्याची बाटली रोज भरून नेते आणि भरलेलीच परत आणते.

कारखान्यात बायांसाठी संडास नाही, माय. पुरुषांचा आहे, त्याला कडी नाही. मागे झुडपं होती, तिथं आता बिल्डिंग उठतेय. हे त्या डॉक्टरला कोणत्या तोंडानं सांगू?

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीला दिवस गेलेत, तिला उन्हात पाठवू नका.

काल शेठनं विचारलं, "बाई, पानी क्यूं नहीं पीती?" मी म्हणाले, "प्यास नहीं लगती." आणि तू आठवलीस. दुसऱ्याच्या उघड्या, बिनआडोशाच्या रानात खुरपताना आम्ही तांब्या पुढे केला की तूही हेच म्हणायचीस, आणि रात्री आम्हाला तुझ्या पोटऱ्यांवर उभं करायचीस.

तुझीच लेक,
पंचशीला