काचेवर ठेवून बघ

३ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तू सेलमधून घेऊन पाठवलेले सॅक्सोफोनचे तिन्ही माउथपीस पोचले. जुना हातातून पडून तडकला तेव्हापासून तुझ्या पार्सलकडे डोळे लावून बसलो होतो. पण काय सांगू, खालचे सूर धरले की वाद्य किंचाळतं. तिन्हींची तीच तऱ्हा. बँडमास्तर म्हणाले, काका, तुमचा दम पुरत नाही आता, पुढच्या महिन्यापासून मागे बसून झांजा वाजवा. सरावाला म्हणून झांजा घरी दिल्यासुद्धा. बागेतल्या रविवारच्या कार्यक्रमात एकवीस वर्षं मी पुढच्या रांगेत बसतोय गं.

मला वाटलं, कवळीचा दोष. म्हणून दातांच्या डॉक्टरकडून पुढचे दात घासून घेतले. आता घास एकाच बाजूने चावता येतो, आणि किंचाळणं आहे तसंच. तुझी वहिनी म्हणते, छातीचा फोटो काढा. खरंच दम गेला असेल का? रागावू नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारा,
दादा

८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

न रागावता कशी राहू? कवळी घासायला कुणी सांगितली होती तुला? आधी माल तपासायचा, मग माणूस. बटणांच्या कारखान्यात तीस वर्षं मी तेच केलं, आणि स्वस्त दिसलं म्हणून तुझ्यासाठी घेताना मात्र डोळे मिटून घेतलं. चूक माझी.

काल दुकानात जाऊन आले. मालक म्हणतो, सेलचा माल परत नाही, आणि आजोबांचं वय विचारा आधी. माझं डोकंच फिरलं. आता सांगते तसं कर. एक सपाट काच घे. माउथपीसवर बांधलेली रीडची पातळ पट्टी काढून माउथपीसची तीच बाजू काचेवर टेकव. टोकाच्या फटीत दोन्ही कडांनी पातळ कागद सरकव. दोन्हीकडे सारखाच आत जायला हवा. आम्ही बटणं अशीच बघायचो.

वहिनीला नमस्कार. छातीचा फोटो नको, काच बघ.

तुझी,
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घरात दुसरी काच नव्हती, म्हणून आईबाबांच्या तसबिरीची काढली. कागद उजवीकडे चांगला आत गेला आणि डावीकडे लगेच अडला. तीनदा बघितलं. तिन्ही वाकडे! तुझ्या वहिनीलाही बघायला लावलं, ती म्हणाली, आंधळ्यालासुद्धा कळेल.

बँडमास्तरांना सांगितलं तर हसले. म्हणाले, काका, काच काय, कागद काय, निमित्तं कशाला? सगळ्यांच्या देखत म्हणाले. मी खाली मान घालून आलो. जाऊ दे, वाजवतो झांजा. तू दुकानात भांडू नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढतं.

काळजीत असलेला,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

भांडले नाही. घरची काच पिशवीत घालून भर दुपारी दुकानात गेले, गिऱ्हाइकं असताना. सेलच्या टोपलीतले सतरा माउथपीस काउंटरवर मांडून एकेक तपासला. अकरा वाकडे. बघायला गर्दी जमली तसा मालक गोड झाला, म्हणाला, मावशी, आतल्या कपाटातला चांगला फुकट न्या. मी म्हटलं, फुकट नको, बदलून हवा, दादाकडचे तिन्ही वाकडे मागवून देते. त्याच्या कपाटातलेही तपासले. चौथा सरळ निघाला, तो पाठवते आहे. शिवाय त्याच्याकडून शिक्क्यासह लिहून घेतलं, की दोष मालात होता, वाजवणाऱ्यात नाही. ती चिठ्ठी तुझ्या मास्तरांच्या नाकासमोर धर. खबरदार झांजांना हात लावलास तर!

तुझीच हट्टी,
धाकटी

२८ मार्च

चि. धाकटीस,
भरभरून आशीर्वाद.

आज सरावाला गेलो. नवा माउथपीस लावला, फुंकलं, आणि पुन्हा किंचाळलं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग लक्षात आलं, वाकड्या माउथपीसपायी मी दातही वाकडे करून घेतलेत. आता सरळ वस्तू तोंडात नीट बसेल कशी? मास्तर झांजांकडे बोट दाखवत होते. मी म्हटलं, थांबा. सगळ्यांसमोर कवळी काढली आणि ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून दुकानदाराच्या त्या चिठ्ठीत गुंडाळून खिशात टाकली. ओठ हिरड्यांवर दुमडले आणि सगळ्यात खालचा सूर धरला.

धाकटे, सूर आला. मास्तरांचं बोट खाली येईपर्यंत मी तो सोडला नाही.

चिठ्ठी दाखवायची राहूनच गेली. झांजा मास्तरांच्या खुर्चीवर ठेवल्या आणि सांगितलं, रविवारी मी माझ्या जागेवर आहे. नवी कवळी व्हायला तीन आठवडे लागतील, तोवर तुझी वहिनी सगळं कुस्करून देते आणि हसते. हसू दे.

माया आहे ती अशीच राहू दे,
तुझा बोळका
दादा

ता. क. तसबिरीला नवी काच आणली. जुनी माझ्या वाद्याच्या पेटीत आहे. मास्तरांनी हळूच विचारलं, काका, माझाही माउथपीस बघाल का. म्हटलं, रांगेत या.