मूठभर फक्की

नाना, कसे आहात? गुडघे अजून वाजतात का उठताना? आई तुमच्याआधी गेली, ती भेटली असेल. तिचा दमा तिकडच्या हवेत तरी बसला का? पिंपळगावच्या आत्याला साखर होती, ती तिथंही चोरून गूळ खाते की आता कुणी अडवत नाही म्हणून उघड खाते? आणि थोरले काका, ज्यांच्याशी तुम्ही बांधावरून मरेपर्यंत बोलला नाहीत, ते एका पंगतीत बसतात का तुमच्या? इकडे आम्ही बरे आहोत. माझी कंबर धरते. तुमचे जावई एसटीतून रिटायर झाले आणि आता कांद्याच्या गोणीसारखे सोफ्यावर पडून असतात. तुमची नात एका कॉलेजात शिकवते. काल तिचे विद्यार्थी घरी जेवायला आले होते. एकानं ताटावरच विचारलं, मॅडमच्या भुवईवर वण कसला हो? तिनं हसून माझ्याकडे पाहिलं, मी आमटी वाढायला उठले. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

पोरगी काय शिकली ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याला अर्बन डिझाइन म्हणतात. त्याच्या अटी ऐकूनच मला घाम फुटला होता. आधी पाच वर्षांची आर्किटेक्टची पदवी पाहिजे, त्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. मग प्रवेश परीक्षा, मग आजवर काढलेल्या नकाशांची जाडजूड फाईल घेऊन मुलाखत. मग दोन वर्षं, आणि स्टुडिओत हजेरी कमी पडली की सत्र गेलं. शेवटी प्रबंध. त्यासाठी शहराचा एक जिता तुकडा निवडायचा, स्वतः फुटाफुटानं मोजायचा, तिथल्या माणसांशी बोलायचं, त्या जागेवर मागं काय काय घडलं ते लिहायचं, आणि मग तिथं काय करता येईल ते परक्या परीक्षकांपुढं भिंतीवर नकाशे लावून सांगायचं. त्याला ज्यूरी म्हणतात. यातलं एक जरी राहिलं तरी पदवी नाही. मी म्हटलं, अगं, घर कसं बांधायचं ते पाच वर्षांत शिकलीस, आता आणखी काय? ती म्हणाली, ‘घरांच्या मधली जागा.’ मला हसू आलं. घरांच्या मधल्या जागेत तर आपली उभी हयात गेली. पुण्याच्या होस्टेलात राहून तिनं बरीच शोधाशोध केली आणि अख्ख्या शहराला वळसा घालून काखेतल्या कळशाशीच आली. आपण जिला गंगा म्हणतो त्या आपल्या गावच्या नदीवरचा फुलबाजार तिनं प्रबंधाला घेतला.

त्या बाजारातला तुमचा तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. नव्वदची सालं आहेत. मी तुमच्या शेजारी गुलछडीच्या जुड्या बांधतेय. रस्ता रुंद करायचाय म्हणून एक साहेब हातात कागद घेऊन पुढं चाललाय, आणि त्याच्या मागं एक वाळका माणूस घमेल्यातली चुन्याची फक्की मुठीनं सोडत पांढरी रेघ ओढत येतोय. रेघेच्या आतलं सगळं जाणार, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. रेघ आपल्या बारदानावर चढली, झेंडूच्या ढिगावरून गेली. तुम्ही उठलात. साहेबानं तुमचा चेहरा पाहिला आणि जीप गाठली. राहिला तो फक्कीवाला, रोजावर आणलेला कुणीतरी. तुम्ही तागडीची दांडी काढलीत. पहिला वार खांद्यावर, दुसरा बरगडीत. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली पडल्यावर तुम्ही त्याच्या छातीवर बसलात, घमेल्यातली मूठभर फक्की घेतलीत आणि त्याच्या डोळ्यांत चोळलीत, वांगं चोळावं तशी, अंगठ्यानं. त्याचं ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं. आणि नाना, कुणी थांबवलं नाही. बायकांनी चपला मारल्या. कुणीतरी त्याला ओढत रस्त्याच्या कडेला टाकलं, आणि सगळ्यांनी खराटे घेऊन रेघ पुसली. पोलीस आले तेव्हा कुणी काही पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी तुम्हाला पाटावर बसवून हार घातला. पुढं कितीतरी वर्षं रस्ता रुंद झाला नाही. का झाला नाही ते देव जाणे, पण बाजार म्हणायचा, नानांमुळं.

तुमचे हात आम्हाला नवे नव्हते. सातवीतून मला शाळेतून काढलंत आणि मी रडले तेव्हा याच हातांनी कानशील लाल केलंत. मग कुणाला न सांगता रद्दीवाल्याकडून हार बांधायला मासिकांचीच रद्दी आणायला लागलात. मी पुडी बांधण्याआधी पान वाचून काढायचे आणि तुम्ही गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवायचात. मी जे काही शिकले ते त्या रद्दीवर. म्हणून तुमचा राग धरावा तर धरता येत नाही, आणि सोडावा तर सुटत नाही. पोरीला लहानपणी मी तुमची गोष्ट सांगायचे, ती एवढीच की नानांनी साहेबाला पळवून लावलं. फक्कीवाला मी गोष्टीत घेतलाच नाही.

त्यामुळंच पुढचं घडलं. मोजणीला आली तेव्हा खडूच्या खुणा ओल्या फुलांनी पुसायला लागल्या, म्हणून ती मैदानावर मारतात तशी फक्कीची पिशवी घेऊन आली. सोबत वर्गातला एक मुलगा, हातात टेप. पोरीचे केस कापलेले, अंगात पँट. बाजारातल्या नव्या लोकांनी तिला कुठं पाहिलं होतं? मी जरा लांब टेम्पोतून माल उतरवत होते. जमिनीवरचं पांढरं दिसलं आणि मी हातातली जुडी टाकली. हाक मारायला तोंड उघडलं, तोवर नारळवाली म्हातारी उठली होती. ती म्हणाली, ‘आली गं, रेघवाली आली.’ ओरडली नाही, नुसतं म्हणाली. तेवढं पुरलं. पहिला नारळ त्या मुलाच्या तोंडावर बसला आणि त्याचे दात ओठातून बाहेर आले. पालाचा बांबू उपसून कुणीतरी पोरीच्या कपाळावर घातला. ती गुडघ्यावर बसली, भुवईतून रक्ताची धार, तरी टेप सोडत नव्हती. मी धावत होते, लोक मध्ये होते, ही माझी हाय, माझी हाय, असं मी म्हणत होते आणि त्या गलक्यात ते कुणाला ऐकू जाणार? शेवंती विकणारा एक तरणा पोरगा तिच्यासमोर वाकला, मूठ भरून फक्की उचलली आणि म्हणाला, ‘नानानं काय केलं व्हतं, विसरले काय रे?’

माझ्या कमरेला गुलछडीचे दांडे कापायचा विळा खोचलेला होता. तो मी त्याच्या मनगटावर घातला. हाडाला लागल्याचं मला मुठीत कळलं. अर्धी फक्की खाली सांडली, अर्धी पोरीच्या डोळ्यांत गेली होती. ती ओरडली आणि नाना, तो आवाज मी ओळखला. अगदी तोच. फुलं ताजी राहावीत म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या मी एकामागून एक तिच्या तोंडावर ओतल्या, पापण्या बोटांनी ताणून धरल्या, ती मला लाथा मारत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पाण्यानं डोळे वाचले. दवाखान्यातल्या बाकावर तोच पोरगा हाताला पट्टी बांधून माझ्या शेजारी येऊन बसला. रडवेला झाला होता. म्हणाला, ‘ताई, मला काय ठावं ती तुमची हाय ते. मी नानांचंच तर केलं.’ मी उठले. त्याला पाणी दिलं.

टाके सुकायच्या आत पोरगी परत निघाली, एक डोळा बांधलेला. म्हणे मोजणी अर्धी राहिलीय, तारीख कुणासाठी थांबत नाही. पण या वेळी जमिनीवर कसली खूण करायची नाही, असं तिनं आपलं आपणच ठरवलं. ज्याची जागा त्यानं टेपचं दुसरं टोक धरायचं. मी प्रत्येकापाशी तिच्याबरोबर गेले. शेवंतीवाल्यानं डाव्या हातानं धरलं. नारळवालीनं आधी मान फिरवली, मग म्हणाली, ‘धरते बाई, पण वढू नको, न्हाईतर माझी जागा लांबवशील.’ तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

खरी कसोटी त्यानंतर लागली. जागेचा इतिहास विचारत ती फिरली, तेव्हा सगळ्यांनी तिला तुमचीच गोष्ट सांगितली, डोळ्यांसकट, मिटक्या मारत. घरी येऊन तिनं मला विचारलं की त्या माणसाचं पुढं काय झालं. मला माहीत नव्हतं. बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं नाव काय, गाव कुठलं, डोळे गेले की राहिले, कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली की हे प्रबंधात लिहायचंय, आणि तुमच्याबद्दल लिहायचं तर घरच्यांची लेखी संमती लागते, तशी अटच आहे. मी म्हटलं, मेलेल्या बापाची मी अशी चव्हाट्यावर धिंड काढणार नाही. त्यानं ती जागा राखली म्हणून तुझी फी भरली गेली. ती म्हणाली, मग प्रबंधच देत नाही, हे गाळलं तर सगळा बाजार खोटा होतो. दोन वर्षं आणि त्याआधीची पाच, सगळं पाण्यात. माझा हात उठला, नाना. तुमचाच हात. तुमच्यापुढं मी मान खाली घालायची. तिनं घातली नाही. टाक्यांची भुवई समोर धरून ती म्हणाली, ‘मारून झालं की सांग, आई.’

हात तसाच खाली आला. मग कितीतरी दिवस हार ओवता ओवता मी तुमच्याशी भांडले. तुम्ही नसता तर आपण उपाशी मेलो असतो, हेही खरं. पण फक्की डोळ्यांत गेल्यावर कसं वाटतं ते मी पोरीला विचारलं होतं. ती म्हणाली, उकळतं तेल आत ओतून वर झाकण लावल्यासारखं. तिला बादल्या मिळाल्या. त्या फक्कीवाल्याला कुणी तांब्याभर पाणी दिलं नाही, आणि पाण्यानं भरलेल्या बादल्या माझ्याच पायाशी होत्या. मी सही केली.

ज्यूरीला मी गेले होते, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. नकाशात आपल्या बारदानाच्या जागेशेजारी तिनं पाण्याचा नळ दाखवला होता. एका परीक्षकानं विचारलं, सगळी जागा सोडून नळ इथंच का? तिनं सांगितलं, सगळं सांगितलं, तुमचं नातं न लपवता. पदवी मिळाली. नळ काही झाला नाही, तो कागदावरच राहिला, आणि बाजार आहे तिथंच आहे.

हे पाकिटात घालणार नाही. घालून पाठवू कुठं? तरी एक सांगते, कुणाला बोलले नाही. हल्ली तुमचा आवाज आठवायला बसले की गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा, मला भाकरी खाल्लीस का विचारणारा, तो येतच नाही. मारताना दात आवळून घेतलेला श्वास तेवढा ऐकू येतो. म्हणून म्हणते नाना, लवकर उत्तर लिहा. माझं चुकलं की बरोबर, ते नका लिहू. साधंच काहीतरी लिहा.