बरणीवरचं नाव

प्रिय लांबू,

अक्षर ओळखलंस ना? तुझा पत्ता तुझ्या ताईने दिला. तू एकटाच राहतोस हेही तिनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.

मी अजून त्याच संग्रहालयात, त्याच खिडकीपाशी बसून कोळ्यांची चित्रं काढते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कोळ्याचे आठ डोळे आता पुन्हा आठच दिसतात.

गेल्या महिन्यात आमच्याकडची नवी संशोधक मुलगी जुन्या बरण्या तपासत होती. दलदलीतली ती लांडगा कोळ्याची मादी आठवते? जाळं न विणता ओल्या पाचोळ्यात धावून शिकार करणारी? तू गुडघाभर चिखलात उतरून तिला पकडलंस, मी काठावर कोरड्या पायांनी उभी. तिच्या पाठीवर पिल्लं होती. ती उतरेपर्यंत तिला स्पिरिटमध्ये घालायचं नाही म्हणून तू हटून बसलास. आठवडाभर साहेब तुला सुईणबाई म्हणत राहिले आणि तू निमूटपणे बरणीत बारीक माश्या सोडत राहिलास. माझं काय ते तेव्हाच ठरलं होतं. तुला सांगायचं तेवढं राहिलं.

ती प्रजाती आजवर कुणीच नोंदवलेली नाही म्हणे. ती मुलगी धावतच आली, "मावशी, ही तुम्ही पकडलीत?" बरणीच्या लेबलावर, पकडणाऱ्याच्या जागी, माझं नाव आहे. अक्षर तुझं. तारीख तुझ्या इथल्या शेवटच्या दिवसाची.

आदल्या दिवशी तू विचारलं होतंस, येतेस का माझ्याबरोबर? बाबा अंथरुणावर आहेत, एवढंच मी म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी, तुझ्या शेवटच्या दुपारी, तू पाठमोरा बसून लेबलं लिहीत होतास. मला वाटलं, रुसलाय. बाबांच्या औषधाचं निमित्त करून मी न भेटताच घरी गेले. बाबा पुढे अकरा वर्षं होते. त्यांचं केलं त्याचं दुःख नाही. पण जाताना तुझ्या खांद्यावरून एकदा डोकावले असते तर?

त्या मादीला तू पकडलंस, तेव्हा नोंद तुझ्या नावाने व्हावी असा अर्ज मी केला आहे. त्यावर आपल्या दोघांच्या सह्या लागतात. माझी झाली. अर्ज या पाकिटात सहज मावला असता, पण मी घातला नाही. तू इथे येऊन सही कर. महिनाअखेरची मुदत आहे, असं खोटं लिहिणार होते. मुदत काहीच नाही रे. मीच फार थांबले आहे.

तुझीच,
चष्मेवाली