मायच्या ओट्यावरचा कंगोरा

बाबा, मायच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना मी कंगोरा बसवला. तुम्ही जन्मभर लोकांच्या घरी बसवलात आणि आपल्या घरी कधी बसवला नाहीत, तोच. कपाटाचा माथा आणि छत यांच्या मधली ती उतरती, गोलाई काढलेली लाकडी पट्टी, जिच्यामुळे साधा खोकासुद्धा शेठजींच्या घरचा वाटायला लागतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी आता बावन्न वर्षांची आहे, आणि एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आताही प्रेमाचा उमाळा आला म्हणून लिहीत नाही. तुम्ही किती लबाड होतात ते मला या मे महिन्यात कळलं, आणि ते तोंडावर ऐकवावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही.

आपल्या घरी काय होतं ते आधी आठवून पाहा. भिंतीत ठोकलेले दोन लोखंडी ब्रॅकेट आणि त्यांच्यावर पॅकिंगच्या खोक्याची फळी. मंगरूळच्या अर्ध्या बाजारपेठेची कपाटं करणाऱ्या सुताराच्या बायकोचे डबे त्या फळीवर उभे असायचे, आणि फळी मधोमध वाकलेली म्हणून तुरीच्या डाळीचा डबा कायम कडेला ठेवावा लागायचा. मायनं कधी विषय काढला तर तुमचं उत्तर ठरलेलं: "आपल्या घरी कोन येऊन राह्यलं पाह्यले?" दिव्याखाली अंधार असतो हे मान्य, पण तुम्हाला त्या अंधाराचाही अभिमान होता. माय रोज बाजारपेठेतल्या जैन शेठजींकडे स्वयंपाकाला जायची, तुम्हीच केलेल्या सागवानी कपाटांखाली उभी राहून त्यांचे फुलके करायची, आणि दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं आटोपून या फळीपाशी परत यायची. तुम्ही गेल्यावर मी माझ्या पगारातून ती फळी काढून प्लायवूडची कपाटं करून घेतली. तपकिरी सनमायका, वर दीड फूट मोकळी भिंत. या उन्हाळ्यात ठरवलं की त्यांना फिका रंग द्यायचा, नव्या मुठी लावायच्या, आणि वर कंगोरा करायचा. स्वतःच्या हातानं. मायला जे कधी मिळालं नाही ते तिच्या डोळ्यांसमोर व्हावं, आणि माझ्या हातचा सांधा बसतो हे एकदा दिसावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुमचा पुतण्या येऊन गेला. तोच, ज्याला तुम्ही रंधा, करवत, पटाशी सगळं हाताला धरून शिकवलंत. तुमचा वारस. तो आता प्लास्टिकची तयार स्वयंपाकघरं विकतो, ज्यांची दारं दुसऱ्या पावसाळ्यात लोंबायला लागतात. ओट्यापाशी पसरलेला भुसा बघून म्हणाला, "ताई, कायले जीव टाकून राह्यली? तयार पट्टी भेटते न बजारात. डब्बल टेप लावला का काम खतम." मी त्याला विचारलं, तुझ्याकडे काकांची हत्यारं आहेत का अजून. तो हसला. भंगारात दिली म्हणाला, लोखंडाला भाव चांगला होता. तुमची एवढी विद्या त्या माणसाच्या डोक्यात गेली आणि शेवटी टेपला येऊन चिकटली. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी फार बरं वाटलं. त्याला चहा पाजून मी वाटेला लावलं.

तुमच्या हत्यारांपैकी एकच माझ्याकडे होतं. तुमचा गुण्या, काटकोन तपासायचा, सागवानी मुठीचा आणि लोखंडी पात्याचा. तुमच्या तेरवीनंतर वाटे होत होते तेव्हा पुतण्यानं तो बाजूला ठेवला होता, मी उचलला. का उचलला ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीच्या पोरांना भूमिती शिकवते, कदाचित म्हणून असेल. एकोणीस वर्षं तो पेटीत फडक्यात गुंडाळून होता.

जुन्या लाकडाच्या दुकानातून मोडक्या दाराची सागवानी चौकट आणली. आरामशीनवर तिच्या तीन पट्ट्या चिरून घेतल्या, एक सपाट, एक गोलाईची, एक उतरती. गोलाई घरी रंध्यानं काढली, आधी पुठ्ठ्यावर आकार कापून. तीन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की कंगोरा तयार. हे सगळं मोबाइलवर बघून शिकले. त्यात एक परदेशी माणूस पांढऱ्याशुभ्र कारखान्यात उभा राहून हसत हसत पट्ट्या कापतो, त्याच्या अंगावर भुशाचा कण नाही, आणि त्याच्या भिंती देवानं स्वतः येऊन बांधल्यासारख्या सरळ. इकडे बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, आणि भुसा उडतो म्हणून पंखा बंद. कोपऱ्यातला सांधा जमायला दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस अंशात कापाव्या लागतात. त्यासाठी तीन फळ्यांची एक नाली केली आणि तिच्या दोन्ही भिंतींत तिरक्या खाचा पाडल्या, करवत त्या खाचेतून चालवायची. खाचांच्या उभ्या रेघा काटकोनात आखायला तुमचा गुण्या फडक्यातून काढला.

पहिले दोन तुकडे मी फोटोच्या चौकटीसारखे आडवे ठेवून कापले, ते वाया गेले. कंगोरा कपाटावर जसा तिरका बसतो तसाच, पण उलटा धरून कापायचा असतो, ही माझी चूक, कबूल. तिसरा आणि चौथा तुकडा बरोबर धरून कापला. स्टुलावर चढून कोपऱ्यात लावून पाहिला तर वरच्या अंगाला फट. पुन्हा कापला. पुन्हा फट, तेवढीच, त्याच अंगाला. भिंत वाकडी असेल म्हणून ओळंबा लावला, तर भिंत ठीक निघाली. माझ्या डोक्यात तुमचा आवाज सुरू झाला होता, बाबा. अडतीस वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा. सांगते, म्हणजे तुम्हाला विसरल्याचं सोंग करता येणार नाही.

मी चौदा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे म्हणून तुमची हत्यारांची पिशवी घेऊन शेठजींच्या घरी आलेय. स्वयंपाकघराचं काम मायच्याच शब्दावर तुम्हाला मिळालंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवत नाही. तुम्ही ओसरीत शेठजींबरोबर सरबत पिताय. पुतण्याला कोपऱ्याची पट्टी कापायला सांगितलीत, तो पानठेल्यावर पळालाय. मी चार दिवस तुमचे हात बघतेय. मी गुण्या लावते, रेघ मारते, करवत धरते. करवत सरळ चालते, मला अजून तो आवाज आठवतो, आणि मला इतका आनंद होतो की मी एकटीच हसते. पट्टी कोपऱ्यात धरते, तर सांधा उघडा. तेवढ्यात तुम्ही आत येता, मागे शेठजी. तुम्ही म्हणता, "काहून हात लावला वं? तुले कोनं सांगतलं?" मी म्हणते, मी रेघेवरच कापलं. तुम्ही पट्टी वर धरून शेठजींना दाखवता. "नाचता येईना अंगन वाकडं! पोरीच्या हातचा सांधा असाच तोंड वासून राह्यते. लाटनं द्या हिच्या हातात, तेवढं जमते हिले." शेठजी हसतात. माय चुलीकडे तोंड करून फुलके फुगवतेय, तिची पाठ आमच्याकडे आहे. ती वळत नाही. तिचे डोळे भरून आले असतील म्हणून वळली नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं आणि पुढे कायम तसंच धरून चालले. मग तुम्ही नवी पट्टी घेता, गुण्या लावून रेघ मारता, रेघेकडे एकदा बघता आणि करवत रेघ सोडून, जरा बाजूनं चालवता. सांधा बसतो. केसही जाणार नाही असा. शेठजी म्हणतात, वा, मिस्त्री, हाताला डोळे आहेत.

त्यानंतर मी करवतीला हात लावला नाही. फळ्यावर काटकोन काढताना शाळेतला मोठा लाकडी त्रिकोण टेकवल्याशिवाय मी कधी रेघ मारली नाही, कारण माझी नजर वाकडी आहे हे मला चौदाव्या वर्षीच सांगून झालं होतं, तेही शेठजींसमोर, तेही म्हणीसकट.

तर या मे महिन्यात, पाचवा तुकडा फुकट गेल्यावर, मी स्टुलावरून उतरले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सातवीच्या पोरांना मी दर वर्षी हे करायला लावते. सरळ धारेच्या फळीवर गुण्या टेकवला, रेघ मारली. गुण्या उलटा केला, त्याच बिंदूवर ठेवला, पुन्हा रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकच दिसायला हव्यात. तुमच्या रेघा खाली एका ठिकाणी होत्या आणि फूटभर वर गेल्यावर त्यांच्यात चांगलं अर्ध्या इंचाचं अंतर पडलं. म्हणजे चार सूत. त्याचं अर्धं दोन सूत. तुमचा गुण्या फुटाला दोन सूत खोटा होता.

मला लगेच ती टेम्पोची गोष्ट आठवली. पोहरादेवीच्या यात्रेत दुकानांचे मांडव ठोकायला गेला होतात, तिथं टेम्पोचं चाक गुण्याच्या मुठीवरून गेलं. घरी येऊन तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, काई झालं नाई त्याले, असली चीज हाय. तेव्हा मी सहावीत होते. म्हणजे शेठजींच्या घरी ज्या दिवशी मी रेघेवर कापलं, त्या दिवशी तो गुण्या दोन वर्षं खोटा होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं. माहीत नसतं तर तुम्ही रेघ सोडून कापलं नसतंत. हाताला डोळे! तुम्हाला फक्त दोन सुतांचा हिशेब पाठ होता. नवा गुण्या घ्यायचा तर चारचौघांत कबूल करावं लागलं असतं की मिस्त्रीचं हत्यार बिघडलंय, आणि बिघडलेलं हत्यार जवळ ठेवलं की दुसऱ्या कोणाला त्यानं काम जमणार नाही, हा वर फायदा. शेजारच्या मिस्त्रीनं तो एकदा नेला आणि त्याचं दार तिरकं बसलं, तेव्हा तुम्ही जेवताना केवढे हसला होतात. मला वाटलं होतं, तुम्ही त्याच्या अडाणीपणाला हसताय.

मी रेघेवरच कापलं होतं, बाबा. चौदा वर्षांच्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा करवत धरली आणि ती रेघेवर चालवली. तुम्हाला एका नजरेत कळलं असणार की हात बरोबर आहे आणि हत्यार चुकलंय. शेठजी मागे उभे होते म्हणून तुम्ही मला पुढे केलंत. मोठमोठे अपराध करणाऱ्या बापांबद्दल मी ऐकलंय, त्यांचा राग तरी येतो. तुमचा राग आला नाही. दोन सुतांसाठी पोटच्या पोरीला विकणारा माणूस, एवढाच तुमचा आकार मला त्या फळीवर दिसला, आणि तुमची किळस आली. इतकी वर्षं मी तुम्हाला कठोर समजत होते. तुम्ही नुसते घाबरट होतात.

दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पोलादी गुण्या आणला, दुकानातच उलटासुलटा करून तपासून. दुकानदार बघत राहिला. नवी नाली केली, खाचा नव्यानं पाडल्या. पहिला कोपरा बसला, मग दुसरा. दुसऱ्याला तर फट बुजवायची लांबीसुद्धा भरावी लागली नाही. मी त्या सांध्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ स्टुलावर उभी राहिले, आणि खोटं कशाला बोलू, थोडी रडलेही.

माय दुपारची झोप काढून आली. पंच्याऐंशीची आहे, पण मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं स्वच्छ दिसतं. ओट्याला धरून उभी राहिली, मान वर केली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कंगोरा नीट बघितला. कोपऱ्याशी तिची नजर थांबली. म्हणाली, "चांगला बसला व. कोनता गुण्या लावला? त्यायचा?"

मी म्हटलं, "नाई माय. नवा आनला."

"बरं केलं," ती म्हणाली. "त्यायच्या गुण्यानं त दोन सूत सोडून कापा लागे." भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, इतक्या सहज. मग पदरानं ओट्यावरचा भुसा एका बाजूला लोटायला लागली.

तुम्हाला मी एवढं सगळं ऐकवलं, बाबा, कारण तुम्हाला ऐकवणं सोपं आहे. मायला पुढचा एकच प्रश्न विचारायचा होता, तुला हे कधीपासून ठाऊक होतं. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि तिची पाठ माझ्याकडे होती. मला धीर झाला नाही. मी स्टुलावरून उतरले आणि तिच्या हातातलं भुशाचं काम आपल्या हातात घेतलं.