तीन पूर्वपक्ष आणि एक जागा

चिरंजीव श्यालकास (केस गेले तरी हे विशेषण जात नाही) अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस की नुसते इतरांना समजावून सांगतोस, हे सविस्तर कळव. त्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. अभ्यासाला बसण्यासाठी तू जी उशी पाठवलीस, ती मी बसलो की दीर्घ सुस्कारा सोडते. माझ्या निकालावर घरात इतकं उघडपणे अजून कोणी बोललेलं नाही.

निकालाचं तुला उडत उडत कळलं असेलच. आता मूळ संहिता ऐक. (पाठभेद तुझ्या ताईकडे मिळतील.) छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासून झाल्यावर आपणही पुन्हा विद्यापीठात जावं, भाषाशास्त्र शिकावं, असं मला वाटलं. त्यासाठी सगळ्या विषयांना मिळून एकच पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. तिथे नुसत्या सोबतीला आलेल्यांना फाटकाबाहेर उभं करतात, म्हणून तुझ्या ताईनेही फॉर्म भरला. औषधांच्या दुकानातून तिला त्या दिवशी सुट्टी होती. म्हणाली, बाहेर ताटकळण्यापेक्षा आत बसेन. आत बसली आणि (चहाचा कप खाली ठेवून वाच) पहिल्या शंभरात आली. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला तिला जागासुद्धा देऊ केली आहे. मी जिथे आलो तिथे क्रमांक देत नाहीत, फक्त ‘पुन्हा प्रयत्न करावा’ एवढं छापतात. (छपाई मात्र निर्दोष. मी तपासली.)

सर्वांत कमी गुण कशात पडावेत? उतारा वाचून अर्थ सांगण्यात. मला रागापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं, की हे आपण साधलं कसं. म्हणून स्वतःचीच उत्तरतपासणी केली. आमच्या गुरुजींनी लावलेली सवय अशी, की प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडायचं आणि मगच खोडायचं. इथे प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, म्हणजे तीन पूर्वपक्ष. मी एकेकाला आसन दिलं, त्याची बाजू ऐकून घेतली, कच्ची होती तिथे स्वतः भक्कम केली. ‘क’ पर्याय तर माझ्या हाताखाली इतका तयार झाला की शेवटी मलाच पटला. एवढ्यात घंटा झाली. शिवाय एक उतारा मुंग्यांवर होता. वारूळ हलवलं तर त्या जुन्या जागी परततात की नव्या, हे सांगता सांगता लेखकाने ऐन रंगात आल्यावर हात आखडला आणि खाली प्रश्न सुरू. मी बराच वेळ पुढच्या मजकुराचा विचार करत बसलो. घरी येताना ताईला विचारलं, तुझ्या मते काय झालं असेल? ती म्हणाली, तिने उतारा वाचलाच नव्हता, प्रश्न वाचून उत्तरं शोधली होती. संसार एकत्र केला तरी माणसं किती वेगळी वाचतात, पाहा. (वाचनालयात मुंग्यांवरचे ग्रंथ चाळले. वारूळ कोणी हलवलेलं नाही.)

तुझी भाची सध्या माझी परीक्षाप्रमुख आहे. समोर अंडी उकडायचं घड्याळ ठेवते आणि मी डोळे मिटून चिंतनात गेलो की पेन्सिलीने टेबलावर टकटक करते. परवा तिने सूत्रच सांगितलं, “बाबा, चुकीच्या उत्तराला नमस्कार करून पुढे जायचं नसतं. नुसतं पुढे जायचं.” हे मला उपनिषदासारखं वाटलं, तसं मी म्हणालोही, तर तिने त्याचाही वेळ मोजला. रविवारच्या सरावात मी घड्याळ वाजायच्या आत पेपर संपवून विजयी मुद्रेने उठलो. तिने पान उलटलं. मागच्या बाजूलाही प्रश्न होते.

तर दुसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ताईला मात्र जागा स्वीकारल्याचं या महिनाअखेरीच्या आत कळवायचं आहे, आणि ती सांगते, “तुमचं ठरू दे, मग माझं बघू.” जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येते का, याची तिने कोणाला न सांगता चौकशी केली. येत नाही. चौकशी केली म्हणजे जायचं मनात आहे, एवढा अर्थ मलाही उताऱ्यावाचून लागतो. मी विषय काढला की ती मला अभ्यासाला बसवते.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, कंबरेला विश्रांती.

तुझ्या ताईच्या गुणांवर मिरवणारे,
तुझे भावोजी

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. तिला फोन कर आणि जागा घे म्हणून सांग. मी सांगितलं की तिला तो माझा मोठेपणा वाटतो, आणि मग ती माझ्याहून मोठेपणा दाखवते. त्यात ती मला कधीच हार जात नाही. तू धाकटा भाऊ, तू हट्ट कर. (इथे फोनवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं, म्हणून हे पत्र.) मी लिहिलं हे सांगू नकोस. तिला कळेलच, पण सांगू नकोस.

पुनश्च. परीक्षेची मला फारशी धास्ती नाही. तुझ्या ताईला माझ्यासाठी थांबायची सवय आहे. परवा कपड्यांच्या घड्या करता करता ती म्हणाली, नाही गेले तरी चालेल. तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. त्याची भीती वाटते. फोन लवकर कर.