चौकशीवालीपुढे केलेलं कौतुक

शनिवार, दुपार

धाकटे,

आशीर्वाद. तुझ्या आईला नमस्कार, गुडघा कसा आहे ते विचारलंय म्हणून सांग. झालं, रीतभात संपली.

आता मला सांग, ती चौकशीवाली काय माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती? या वयात? अपंग पेन्शनची चौकशी करायला आलेली बाई ती! तिला खुर्ची दिलीस, चहा दिलास, इथपर्यंत ठीक. पण "आमच्या ताई एका हाताने सगळं घर ओढतात" हे सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? तिने नेमकं तेवढंच उतरवून घेतलं. अर्ज नामंजूर. धुलाईखान्यात कामावर असताना इस्त्रीच्या रुळाखाली उजवा हात गेला माझा, बोटं मिटत नाहीत माझी, आणि कागदावर मी ठणठणीत!

वर म्हणालीस, "परक्या बाईपुढे घरच्या माणसाचं उणं कसं काढू?" अगं, उणं बघायलाच आली होती ती. तिची नोकरीच ती.

नकार कळला त्या दिवशी मी तुला जास्त बोलले. भाऊजींसमोर तर नकोच होतं. पण तूही काय, उलट एक शब्द न बोलता पिशवी भरलीस नि आईकडे निघून गेलीस. भांडली असतीस तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं.

इकडे सगळं ठीक आहे. भाऊजी भात खातात. कच्चा राहिला तरी "छान झालाय वहिनी" म्हणतात. तुझाच गुण लागलाय त्यांना.

ठीक म्हणजे, तसं ठीक नाही. परवा तेलाच्या बाटलीचं झाकण उघडेना. मांडीत दाबून धरलं, दात लावले, शेवटी भाऊजी कामावरून यायची वाट बघत बसले. बसल्या बसल्या लक्षात आलं, आपल्या घरात एकही झाकण कधी घट्ट नसायचं. मला वाटायचं तू वेंधळी आहेस. मुंग्या होतात म्हणून किती ओरडायचे तुला. एकदा तरी बोलायचं होतंस गं.

चादरी मी धुते असं मी सगळ्यांना ऐकवायचे. पिळायचीस तू. केसांचं तर विचारू नकोस. डोक्यावर काय बांधलंय ते बघून दूधवाला तोंड फिरवून हसला. मेला.

अपिलाच्या खिडकीवरचा माणूस भला आहे. म्हणाला, घरात रोज बघणाऱ्या माणसाने येऊन खरं सांगितलं तर निकाल फिरू शकतो. नकाराचा कागद त्याने वाचून दाखवला. त्यात तुझं एक वाक्य जसंच्या तसं आहे, "ताईंसारखी कामाची बाई मी बघितली नाही." मी म्हटलं, ऐकू आलं नाही, परत वाचा. ऐकू चांगलं आलं होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून असं मला कोणी म्हटलं नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही, आणि आता ते कुठून म्हणणार.

शुक्रवारी सुनावणी आहे. तू यायचंस. हिला पीठ मळता येत नाही, हिची वेणी मी घालते, सगळं सांगायचंस. आंघोळीचंही सांग. मी काल आरशापुढे बोलून बघितलं. दर वेळी तोंडातून "तसं जमतं मला" हेच येतं. तू बोल, मी खाली बघून बसेन. रडायचं नाही. आणि तिथे कोणाला चहा विचारायचा नाही.

भाऊजींच्या पगारावर बसून खाल्लेला घास मला गिळवत नाही, म्हणून ही पेन्शन हवी. पण शुक्रवारी परत नकार आला तरी तू माझ्याबरोबर घरी यायचंस. हे आधी लिहायला हवं होतं, आता राहिलं ते राहिलं.

डाव्या हाताने लिहिलंय. अक्षराला हसू नकोस, उजव्याचंही काही मोत्यासारखं नव्हतं.

बुधवारपर्यंत मला कळलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन कर, ते बोलावतील मला. "बघते" म्हणायचं नाही. येते म्हण.

वाट बघणारी,
तुझी ताई