‘स्टिल’ची वाक्यं

प्रिय सुहास,

हे पत्र गणपतीच्या आधी लिहायचं होतं. मग म्हटलं, गणपती होऊ देत. मग दिवाळी आली, दिवाळीत कोण पत्रं लिहितं? आता तर सकाळी गोधडी सोडवत नाही. खरं सांगतो, टाळत होतो. एकदा छान रेघांचा कागद आणला होता, त्यावर दशरथनं भजी खाल्ली. दुसऱ्यांदा ‘प्रिय’ लिहिलं आणि पुढे सुहास लिहू की सुहासिनी लिहू यातच जेवायची सुट्टी संपली. आज हिरॉइनचं डोकं दुखतंय म्हणून शूटिंग बंद आहे आणि दशरथ झोपलाय, त्यामुळे पळवाट राहिलेली नाही.

हिरॉइन वाचून दचकू नकोस. मी नट-बिट झालेलो नाही. अंधेरीला एका स्टुडिओत आहे, स्टिल फोटोग्राफरच्या हाताखाली. दशरथ म्हणजे तो फोटोग्राफर. सिनेमाचा कॅमेरा वेगळा, आमचा वेगळा. शॉट संपला की दशरथ ओरडतो, ‘स्टिल!’ आणि सगळे आहेत तसे थिजतात. राजा तलवार उगारलेला, राणी रडवेली, चवरी ढाळणारी बाई अर्ध्यावर. मी चंदेरी कागद चिकटवलेली फळी धरून त्यांच्या तोंडावर उजेड पाडतो. ती फळी अजिबात हलवायची नाही. हसलीस ना? मला माहीत होतं. लवू आणि न हलता उभा! पण जमतं बघ आता. परवा नाकावर माशी बसली, तरी नाही हललो. राजा हलला. मिशी निघाली त्याची.

काय सांगत होतो? हां, तुमची ओटी. बोरिवलीच्या तुमच्या ओटीवर संध्याकाळी मास्तर आम्हा मॅट्रिक-नापासांचा इंग्रजीचा वर्ग घ्यायचे, तो बाक मला अजून स्वप्नात येतो. एक पाय आखूड होता त्याचा. माझा गुडघा हलला की बाकावरच्या सगळ्यांच्या दौती हलायच्या, आणि मास्तर ओरडायचे, ‘लवू, सिट स्टिल!’ दुसरं काही इंग्रजी माझ्या हाडात मुरलं नाही, एवढं मात्र मुरलं. म्हणून त्या वर्षी पेपरात ‘एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरून वाक्यं करा’ या प्रश्नात ‘स्टिल’ आला तेव्हा मी आनंदानं बाकावर उडीच मारली होती. लिहिलं, ‘सिट स्टिल’. वेगळा अर्थ हवा म्हणून पुढे लिहिलं, ‘स्टँड स्टिल’. तुमच्या घरी येऊन तुला सांगितलं, तर तू भाजी निवडताना हसून हसून आडवी झालीस. म्हणालीस, ‘अरे येड्या, बसलेला उठला की अर्थ बदलतो होय रे?’ मी म्हटलं, मग बाकीचे सांग. तर तू म्हणालीस, ‘सांगणार नाही. तुझे तू शोध.’ आणि मेथीची काडी माझ्या अंगावर फेकलीस.

तू नागपूरला गेल्यानंतर मी बराच फिरलो. सुरतेला एका खानावळीत होतो, नाशिकला द्राक्षं पेटीत भरली, कल्याणला एका सर्कशीत तंबूचे दोर ओढले. त्या सर्कशीतल्या उंटाची एक गंमत आहे, पण ती राहू दे, नाहीतर पुन्हा पत्र राहील. तिथून मरोळला आलो, धोंडूच्या खोलीत. धोंडू आमच्या गावचा. दिवसा दगडाच्या खाणीत, आणि दारूबंदी झाल्यापासून खाणीमागच्या झुडपात त्याचं दुसरं कामही चालायचं. एक दिवस पोलिसांनी धरला. त्याची बायको शेवंती कोर्टाचा इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, ‘लवू, तू शिकललो, वाच.’ मी वाचला. त्यात एक स्टिल जप्त केल्याचं लिहिलं होतं. मी नुकताच स्टुडिओत लागलेला, तिथं स्टिल म्हणजे फोटो. तिला ऐटीत सांगितलं, वहिनी, काही नाही, एक फोटो नेलाय. त्या घरात फोटो एकच. तिनं जो गळा काढला! ‘अगे बाये! आमच्या लग्नाचो फोटो न्हेलो मेल्यांनी! त्येंका कित्याक व्हयो?’ सगळी चाळ जमा झाली. मग कुणीतरी दाखवलं की फोटो भिंतीवरच आहे, आणि वकिलाच्या कारकुनानं मला सगळ्यांदेखत विचारलं, ‘अहो विद्वान, स्टिल म्हणजे दारू गाळायची भट्टी. कुठल्या शाळेत होतात?’ मी तुमच्या ओटीचं नाव नाही सांगितलं. धोंडू सुटला, आता आरेला म्हशींच्या गोठ्यात आहे. शेवंती मात्र मला अजून ‘फोटो’ म्हणूनच हाक मारते.

हे हसण्यावारी गेलं. पण डोक्यात किडा राहिला, की या एवढ्याशा शब्दाच्या पोटात आणखी काय काय आहे?

ते कळलं एका संध्याकाळी. पॅकअप झालं होतं, लाइट गेले होते, मी सेटवरच्या खोट्या पायऱ्यांवर उगाच बसलो होतो. आमचे असिस्टंट डायरेक्टर नंदकिशोरबाबू, कॉलेज शिकलेले, टोपी घ्यायला परत आले. मला बघून म्हणाले, ‘यू आर स्टिल हिअर?’ मी चटकन उभा राहिलो आणि म्हणालो, नो सर, मी हलतोय की! ते हसले. ‘अरे बाबा, अजून इथंच का तू, असं विचारलं मी. घरी नाही गेलास?’ ते टोपी घालून गेले. मी तिथंच.

अजून. स्टिल म्हणजे अजून.

सुहास, तू नागपूरला मावशीकडे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघालीस त्या दिवशीचा टांगा माझ्या डोळ्यांपुढे आला. मास्तर टांगेवाल्याशी हुज्जत घालत होते. काकू तुझ्या-माझ्या मध्ये उभ्या, फिरकीच्या तांब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत. मी आपला बढाया मारत होतो, की मी पण जाणार सुरतेला, मोठी गावं बघणार, इथं काय ठेवलंय! तू माझ्याकडे न बघता, तुझ्या आईला, म्हणजे काकूंना, कळू नये म्हणून इंग्रजीत, हळूच विचारलंस, ‘विल यू बी हिअर स्टिल?’ मी ऐकलं ते असं: इथं तरी गप्प बसशील का? मला राग आला गं. म्हटलं, मास्तरांचीच लेक, जाता जाताही माझा गुडघा धरते. छाती काढून म्हणालो, ‘नो! नेव्हर!’ नेव्हर तर मी जादा घातलं, मलाही शब्द येतात हे दाखवायला. तू क्षणभर बघितलंस. मग ‘बरं’ म्हणालीस, मराठीत, आणि टांग्यात बसलीस. मी सबंध रस्ताभर खूश होतो, की आज सुहासला निरुत्तर केलं.

त्या पायऱ्यांवरून उठलो तो सरळ बोरिवलीला गेलो. का, ते विचारू नकोस, तू तिथं नाहीस हे काय मला माहीत नव्हतं? तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. ओटीवर कंदील होता, मास्तर कुणाला तरी व्याकरण सांगत होते. तुझ्या खिडकीत कुणी वाटीत तुळशीचं बी वाळत घातलं होतं. आत यायला धीर झाला नाही. त्यानंतर शूटिंग नसेल तेव्हा तिकडेच पाय वळतात. काम काही नसतं. बाजारात फिरतो, तू ज्या दुकानातून शाईच्या वड्या घ्यायचीस तिथं शाईच्या वड्या घेतो. खिसा निळा झालाय माझा. कुणी मागून ‘येड्या’ म्हणालं तर वळून बघतो. मुंबईत हा शब्द कमी वेळा ऐकू येत नाही, मान दुखते. दशरथ म्हणतो, ‘यार, फळीकडे लक्ष दे, तू सारखा फ्रेमबाहेर बघतोस.’

त्याच बाजारात गेल्या आठवड्यात तुझी मैत्रीण प्रेमा भेटली. भाव करता करता सहज म्हणाली, सुहासला नागपुरात एक स्थळ सांगून आलंय, मुलगा बँकेत, दिसायला झकास, माणसं बघून गेली आणि पसंती कळवली. आता तुझ्या होकाराचीच वाट आहे. मी विचारलं, मग? तर म्हणाली, ‘मला काय ठाऊक? आणि तुला रे काय करायचंय?’ मी कुठं उतरलोय, कुठं कामाला आहे ते तिनं विचारून घेतलं, मी सांगितलं. मला काय करायचंय याचं उत्तर देता आलं नाही.

ते इथं देतो, म्हणून हे पत्र. तू मला जे विचारलंस त्याला मी नाही म्हटलेलं नाही. मी भलत्याच प्रश्नाला नाही म्हटलं. तुझा प्रश्न मला एवढा उशिरा कळला. माझ्याकडे नोकरी म्हणावी अशी नोकरी नाही, मॅट्रिक नाही, आमचे बाबा गिरणीतून कापूस खोकत आले आणि तुमच्यात मुलगी कुठं देतात तेही मला कळतं. त्या मुलाला तू हो म्हणाली असशील तर पत्र फाड, मी बोरिवलीला येणं बंद करीन. नसशील तर एवढंच वाच: हो. मी आहे, अजून. फिरून आलो, तरी इथंच...

सुहास, मध्येच उठावं लागलं. गुरखा सांगत आला की फाटकावर एक बाई ‘लवू’ म्हणून विचारतायत. मला वाटलं शेवंती असेल. काकू आहेत! तुझी आई. एकट्या आल्यात, प्रेमाकडून पत्ता काढून. इथं धड खुर्ची नाही, म्हणून दशरथनं त्यांना राजाच्या सिंहासनावर बसवलंय. अगदी कडेला टेकल्यात, पाय जमिनीला पुरत नाहीत. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘सुहासनं त्या मुलाला नाही म्हणून कळवलंय. मावशीनं लिहिलंय, का, ते सांगत नाही, नुसती रडते. लवू, त्या दिवशी टांग्यापाशी माझ्या पोरीनं तुला काय विचारलं होतं रे?’

त्या माझ्याकडे बघतायत. मी त्यांना सांगतो.

तुझाच,
लवू